नाव काढणारी

महाडच्या बाजारपेठेत एका जिन्याखाली पुठ्ठ्याची पाटी लटकते, ‘कपड्यावर नावं काढून मिळतील’. पाटीखाली मशीन आणि मशीनमागे ललिता. तिला दुकानदार म्हणावं तर दुकान नाही, आणि कारागीर म्हणून तिला कुणी विचारत नाही. एमआयडीसीतल्या कामगारांच्या खिशावर नाव, बँडवाल्यांच्या कोटावर नाव, नवरीच्या टॉवेलांवर दोन नावं आणि मधे बदाम. त्या टॉवेलांवरचं एक नाव उसवून द्यायचं कामही कधीकधी दोनेक वर्षांनी तिच्याकडेच येतं. ती काही विचारत नाही. कात्रीच्या टोकानं धागा उचलते आणि एवढंच म्हणते, “भोकं दिसतील हां, सुईची.”

आपल्याकडे पोरगं कर्तबगार निघालं की म्हणतात, घराण्याचं नाव काढलं. ललिता पंचवीस वर्षं जगाची नावं काढते आहे. ज्या एका नावासाठी तिनं जिवाचं रान केलं, ते तेवढं निघालं नाही. हे सांगताना मला राग येतो, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे मधेच आवाज चढला तर दचकू नका.

तिचा नवरा चंदू, वरंधच्या बौद्धवाडीतला. मुंबईला स्टुडिओत लाइटमन होता. जड दिवे खांद्यावर घेऊन छताजवळच्या फळ्यांवर चढायचं, सांगतील तसा झोत फिरवायचा आणि पॅकअप होईपर्यंत वर उकडत बसायचं. हिरो कोण आहे ते त्याला नेहमी टाळूवरून कळायचं. घरी आला की ललिताला सांगायचा, “आज ज्याच्यावर लाइट मारला ना, त्याला वरनं टक्कल हाय.” आणि दोघं पोट धरून हसायची.

गोरेगावला त्यांची खोली होती. मागच्याच गल्लीत टोप्या आणि जॅकेटं शिवणारा कारखाना. तिथं ललिता भरतकामाच्या मशीनवर लागली. शिक्षण चौथीपर्यंत, तेही वाडीतल्या शाळेत, त्यामुळे इंग्रजीचा गंध नाही. सुपरवायझर कागदावर नाव लिहून द्यायचा. ती ते रांगोळीसारखं बघून बघून काढायची. वाचायची गरजच नव्हती.

पण एक अक्षर ती चुकायची. इंग्रजीतला एन. त्याचं असं आहे, आपलं मराठी अक्षर वरून खाली उतरतं. वर रेघ, आणि तिला लोंबकळलेलं अक्षर. ललिताचा हात त्याच वळणाचा. ती एनसुद्धा वरून सुरू करायची. सुई वरून खाली, मग तिरकी वर, मग परत खाली. धागा न तोडता, एका दमात. बघायला सुरेख, पण तिरकी रेघ उलटी. आरशात दिसावा तसा एन. सुपरवायझरचं लक्ष नगावर, पोटावर आणि घड्याळावर. गिऱ्हाइकांना जॅकेट फुकट मिळालेलं, मग अक्षरं कोण तपासतंय? तो एन तसाच चालला.

एका थंडीत कारखान्यात साठ जॅकेटं आली. निळ्या सॅटिनची, चकचकीत, आत अस्तर. पाठीवर पिक्चरचं नाव आधीच छापलेलं. छातीवर प्रत्येकाचं नाव आणि त्याखाली त्याचं काम भरायचं होतं. ते चंदूचंच युनिट होतं! यादीत नाव आलं तेव्हा तिनं सुपरवायझरला दोनदा विचारलं, “हे काय लिवलंय?” तो म्हणाला, “चंदू. लाइट.” तिला ऐकायचंच होतं. लग्नात उखाणा घेताना एकदा घेतलेलं नाव, त्यानंतर ती तोंडानं कधी बोलली नव्हती. अहो आणि अश्वजितचे बाबा, यावर संसार चालला होता. ते नाव तिनं त्या दिवशी सुईनं घेतलं. सी, एच, ए, उलटा एन, डी, यू.

त्या जॅकेटाचा चंदूला कोण तोरा! एप्रिलात जयंतीला गावी आला तर तेच अंगात. मिरवणुकीत सगळी वाडी सदऱ्यात घामानं निथळते आहे आणि हा सॅटिनच्या जॅकेटात. पोरं म्हणाली, “चंदूदा, काढ ना ते!” तो म्हणाला, “युनिटचं हाय. असं कुनालाबी मिळत नाय.” त्याची आई बयाबाई ओट्यावर बसली होती. तिनं त्याच्या छातीवरून हात फिरवला. तिला काही वाचता येत नव्हतं, पण नाव बोटाला लागलं.

पावसाळ्याच्या तोंडाला त्याच पिक्चरच्या सेटवर वरची फळी सरकली आणि चंदू खाली आला तो गेलाच. दिव्यांजवळ उकडतं म्हणून जॅकेट त्यानं चढायच्या आधीच खाली खिळ्याला अडकवलं होतं. ते ललिताच्या हाती आलं. पाठीमागून प्रॉडक्शनवाल्यांची एक गोष्ट आली. हा आमचा माणूस नव्हता. बाहेरचा होता, पिऊन आत शिरला, वर चढला आणि पडला.

ललिता तीन वर्षांच्या अश्वजितला कडेवर घेऊन त्यांच्या ऑफिसात गेली. जॅकेट टेबलावर पसरून म्हणाली, “साहेब, नाव बघा. बाहेरच्या मानसाला तुमी जॅकेट देता काय?”

टेबलामागच्या माणसानं नाव वाचलं. मग तिला विचारलं, “तुम्ही काय काम करता, बाई?”

बिचारीनं खरं ते सांगितलं.

“मग झालं तर,” तो म्हणाला. “नावं काढायचंच काम करता. हे काल बसून काढलं नसेल कशावरून?”

एवढ्या एका वाक्यात माणूस संपवता येतो. ज्यांच्याबरोबर चंदूनं दहा वर्षं दिवे उचलले ते लाइटमन जमिनीकडे बघत राहिले, त्यांना दुसऱ्या दिवशी काम हवं होतं. कारखान्याच्या सुपरवायझरला विचारलं तर यादी कधीच परत गेली होती. पुढे तो पिक्चरही डब्यात गेला, कुठे लागला नाही. म्हणजे चंदू ज्याच्यासाठी मेला ती गोष्टच जगात झाली नाही.

ललिता गावी आली, पण बातमी तिच्या आधीच वाडीत पोचली होती. चंदू पिऊन पडला. आता हे दुसऱ्या कुणाच्या घरी चार दिवस चघळून थुंकलं गेलं असतं. बयाबाईच्या घरी तसं नव्हतं. तिचा नवरा दारूनंच गेला होता. त्याच्या मातीनंतर चंदूनं आईच्या गळ्याला हात लावून आण घेतली होती की थेंबाला शिवणार नाही, आणि दर जयंतीला पंचशील म्हणताना ‘सुरामेरय’, म्हणजे दारूचं शील, आलं की तो आईकडे बघायचा.

“माझ्या गळ्याची आन मोडलान त्यानं,” बयाबाई म्हणाली.

“आत्या, ते पिऊन नव्हते. कामावर होते,” ललितानं सांगितलं.

“कामावर व्हता तर ते सायेब नाय कसं म्हनतात? आनि त्यांचा मानूस नव्हता तर वर कशाला चढला? पिल्याबिगर कोन चढतं गो?”

म्हातारीचं गणित चोख होतं. तो युनिटचा माणूस ठरला तर कामासाठी चढला, आणि नाही ठरला तर दारूनं चढवला. तिनं चंदूचा फोटो भिंतीवर लावू दिला नाही. बाबासाहेबांच्या फोटोशेजारी खिळा ठोकलेला होता, तो रिकामा राहिला. फोटो पत्र्याच्या डब्यात गेला. म्हणाली, “कागद आन. तो त्यांचा मानूस व्हता असा कागद आन, मंग लावीन.” वीस वर्षं ललिता सणावाराला सासूकडे जायची, भाकऱ्या थापायची, आणि त्या खिळ्याकडे बघून परत यायची.

महाडात तिनं जिन्याखालची जागा धरली. अश्वजित शाळेत जायला लागला. आठ-नऊ वर्षांचा असताना एकदा मशीनजवळ बसून तो खो-खो हसला.

“आई, एन उलटा हाय तुझा!”

“कुठला एन?”

“हा. बाईंनी मारलं असतं तुला.” त्यानं पाटीवर काढून दाखवला. खालून वर, मग तिरकं खाली, मग परत वर. ललितानं महिनाभर हाताला नवं वळण लावलं. पोरासारखी पाटी गिरवली तिनं. तेव्हापासून तिचा एन कधी चुकला नाही. पण तिच्या मनात एक सल राहिला, की आपण नवऱ्याच्या छातीवर त्याचं नाव चुकीचं काढलं. साहेबानं मानलं नाही, त्याला हेसुद्धा कारण असेल. खोटं जॅकेट असंच चुकलेलं असतं, असं वाटलं असेल त्याला.

एकवीसच्या जुलैत सावित्रीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा जिन्याखाली ट्रंक होती आणि ट्रंकेत जॅकेट. पाणी ओसरल्यावर सगळं महाड फावड्यानं चिखल ओढत होतं. ट्रंक उघडायला चार दिवस गेले. पाठ बरी राहिली होती. छातीचं सॅटिन मात्र कुजलं होतं, धाग्याला हात लावला की पीठ होत होतं. ललितानं तो तुकडा कापून काढला. दुकानं फिरून जवळच्या रंगाचं सॅटिन आणलं, बेमालूम जोड दिला आणि त्याच्यावर नाव नव्यानं भरलं. या वेळी एन सुलटा काढला. खालून वर, तिरकं खाली, परत वर. कुजका तुकडा चिखलाच्या ढिगावर गेला आणि ढीग नगरपालिकेच्या डंपरमधून गेला. त्या दिवशी तिला बरं वाटलं. सतरा वर्षांनी का होईना, नाव बरोबर झालं. मला हे लिहिताना तिचा हात धरावासा वाटतो.

अश्वजित चोविशीचा झाला. एमआयडीसीत एका कारखान्यात पाळी करतो आणि सुट्टीला मित्रांबरोबर रॅप करतो. पाच जणांचा ग्रुप आहे. दोन मराठी, एक हिंदी, बाकी दोघं नुसते हात हलवतात असं ललिता म्हणते. गाणी मात्र नुसती पोरखेळ नाहीत. वीस मार्चला, सत्याग्रहाच्या दिवशी, तळ्यावर त्यांनी एक म्हटलं, त्यात एक कडवं बापाचं होतं. तेव्हा त्यानं ते जॅकेट घातलं होतं. कुणीतरी व्हिडिओ टाकला आणि आठवड्यानं सुशांतचा फोन आला.

सुशांत मूळचा उमरठचा, पण जन्म आणि वाढ मुंबईची. चाळिशीचा, सभ्य माणूस. फिल्म युनिटची जुनी जॅकेटं जमवतो. त्यांचं प्रदर्शन भरवणार होता आणि सोबत पुस्तक, प्रत्येक जॅकेटाला एक पान, ते कुणाचं आणि त्या माणसाचं काम काय याची नोंद. तो महाडला येऊन जिन्याखालच्या स्टुलावर बसला. कटिंग चहा घेतला आणि समजावून सांगू लागला.

“काकी, अमेरिकेत पिक्चर संपला की युनिटला असं जॅकेट द्यायचे. बाजारात विकत मिळायचं नाही. ज्याच्या अंगावर ते, तो आतला माणूस. तिकडच्या हिप-हॉपवाल्या पोरांनी ते उचललं. गल्लीतली पोरं ती, त्यांना कोण आत घेत होतं? मग ती अशी जॅकेटं मिळवून घालायला लागली, आणि पुढे आपापल्या टोळीची शिवून घेतली. आता आपल्याकडची रॅपर पोरंही शोधत असतात. या निळ्या जॅकेटाला तर फार मागणी आहे. पिक्चर लागलाच नाही, साठच नग.”

बाकीचं ललितानं किती ऐकलं कोण जाणे. ‘आतला माणूस’ एवढं तिनं ऐकलं.

“तुमच्या पुस्तकात लिवाल? ते युनिटचे होते असं?”

“तेच तर लिहायचं. नाव, काम, सगळं. सहीशिक्क्याचा कागदही देतो प्रत्येकाच्या घरच्यांना. जॅकेट विकायची गरज नाही, फक्त खरं असलं पाहिजे. बाजारात नकली फार आलीत. पण या बॅचची एक खूण आहे, तीवरून लगेच कळतं.” त्यानं फोनवर दोन फोटो दाखवले. “ही दोन मला चोरबाजारात मिळाली. हा अन्वर, हा मोहन. एन बघा. उलटा आहे. कुणातरी अडाणी कारागिराची चूक. नकलीवाले सगळे सुलटा काढतात.”

ललितानं फोटो बघितले. दोन्ही एन वरून खाली उतरलेले. आपला हात माणूस कुठेही ओळखतो. चंदूच्या नावात तर आता सुलटा होता. पण जॅकेट तोवर अश्वजितनं पिशवीतून काढून त्याच्या मांडीवर ठेवलं होतं.

सुशांतनं आधी पाठ बघितली आणि खूश झाला. मग छाती बघितली. बोटानं जोड चाचपला. भिंग काढून लावलं. 

“हे नंतरचं आहे, काकी.”

ललितानं सगळं सांगितलं. कारखाना, फळी, ऑफिस, पाटी, पूर. शेवटी तिनं कापडाचा तुकडा रिंगमध्ये ताणला, मशीनला पाय लावला आणि त्याच्या डोळ्यांदेखत एक एन काढला, वरून खाली, तिरका वर, परत खाली. धागा न तोडता. सुशांतनं तो फोनमधल्या फोटोशेजारी धरला. टाक्याला टाका जुळला.

“तुम्हीच ती,” तो म्हणाला. तो खरंच हलला होता. “काकी, त्या साठांवर तुमचाच हात आहे, यात शंका नाही.”

“मंग लिवा ना.”

सुशांतनं मान खाली घातली. “तुमच्याबद्दल लिहीन. पण त्यांच्याबद्दल कसं लिहू? ज्या हातानं खरी काढली तोच हात आज हवं ते नाव काढू शकतो. माझा विश्वास आहे तुमच्यावर. पण लोक विचारतील, यादी नाही, जुना टाका नाही, नाव तर तुम्हीच काढलंय.”

ऑफिसातला तो माणूस उर्मट होता, हा हळवा होता. वाक्य तेच होतं. अश्वजित उठून उभा राहिला. त्याच्या मुठी वळल्या होत्या, पण मारायचं कुणाला? पाटीवर एन शिकवणारा तोच होता.

सुशांत गेल्यावर तो म्हणाला, “आई, आजीला वाचता कुठं येतं? माझ्या कंपनीचं पत्र दाखवू. शिक्का असला की झालं.”

“गप,” ललिता म्हणाली. “वीस वर्सं मला खोटं काढणारी म्हनतात. आता खरंच व्हऊ?”

ती दुसऱ्या दिवशी वरंधला गेली आणि सासूला जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. बयाबाई अंथरुणाला खिळलेली, पण कान शाबूत. सगळं ऐकून तिनं विचारलं, “कागद आनलास?”

“नाय, आत्या.”

“मंग?”

“पन तो मानूस म्हनाला, जॅकेट त्याच पिक्चरचं हाय. नाव माझ्या हातनं गेलं. चूक सुधारायला गेले नि पुरावाच गेला.”

म्हातारीनं नजर आढ्याकडे वळवली. मग म्हणाली, “तूच काढलंस, तूच उसवलंस. आता कुनाला बोल लावतेस गो ललिते?”

त्यात राग नव्हता, म्हणूनच ते फार लागलं. ललितानं भाकऱ्या थापल्या, म्हातारीला भरवलं आणि शेवटच्या एसटीनं परत आली. माघात बयाबाई गेली. पत्र्याचा डबा ललितानं महाडला आणला. फोटो कुठे लावायचा तिला आता कुणी अडवणार नव्हतं. तिनं तो अजून लावलेला नाही. जिनं लावायचा होता ती नाही, मग खिळ्याला काय अर्थ, असं म्हणते.

सुशांतचं पुस्तक आलं. शब्दाला जागला तो. अन्वर आणि मोहनच्या जॅकेटांखाली छापलं होतं, उलट्या एनची कारागीर ललिता, महाड, आणि शेजारी तिचा मशीनवरचा फोटो. चंदूचं नाव त्यात कुठेच नव्हतं. आता पुण्या-मुंबईची पोरं पत्ता विचारत येतात. ढगळ पँटी, गळ्यात साखळ्या, आणि बोलायला अगदी गोड. “काकी, आपल्या ग्रुपची जॅकेटं. पण एन तो तुमचा उलटावालाच पाहिजे हां!” ज्या चुकीची तिला लाज वाटायची ती आता फॅशन झाली. ललिताचं नाव निघालं म्हणतात लोक. ती ऐकून घेते आणि काम करते.

परवा डोंबिवलीहून चौघं आले होते. निळी सॅटिनची जॅकेटं, तशीच शिवून घेतलेली. तिघांची झाली. चौथा पोरगा पुढे झाला, लाघवी, हसरा. तिनं नाव विचारलं, त्यानं सांगितलं, तिनं मान डोलावली आणि रिंग ताणली. सी, एच, ए. वरून खाली, तिरकं वर, परत खाली. डी. हात सराईत, डोळे सुईवर. तिनं धागा तोडला आणि जॅकेट त्याच्या हातात दिलं.

पोरानं ते उजेडाला धरलं. “मस्त झालंय काकी,” तो चाचरत म्हणाला. “पण माझं नाव चंदन आहे. तुम्ही इथं चंदू काढलंय.”

ललितानं जॅकेट परत घेतलं. निळं सॅटिन, उलटा एन, अगदी पहिल्यासारखं. तिनं छातीवरून एकदा हात फिरवला. मग कात्री घेतली. शेवटचं एकच अक्षर उसवायचं होतं. तिनं पहिल्यापासून सगळं उसवलं.

“भोकं दिसतील हां,” ती म्हणाली, “सुईची.”